बॅटरीचे खोके सोडून बाकी सारे घरी करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ई-सायकलच्या बॅटरीने पेट घेतल्याची बातमी छापून आली की पाठोपाठ दोन सल्ले ऐकू येतात. पहिला म्हणतो, साधा स्क्रूसुद्धा स्वतः फिरवू नका, सगळे कंपनीवर सोडा. दुसरा म्हणतो, त्यात काय मोठे, व्हिडिओ बघा आणि उघडा. पहिला ऐकणाऱ्यांच्या सायकली ढिल्या आऱ्यांवर आणि सैल नटांवर वर्षभर पळत राहतात. दुसरा ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या घरात आग लागते. रेघ कुठे ओढायची हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही बोलतो आहोत ते पेडल असलेल्या आणि मोटरची मदत घेणाऱ्या सायकलीबद्दल, इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल नाही. बॅटरीच्या खोक्याबाहेरचे जवळजवळ सगळे काम घरी करता येते आणि केलेच पाहिजे. खोक्याच्या आतले काहीही घरी करू नये.

हत्यारांत सर्वांत आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, घ्यावा. तो नसला की अंदाजाने भाग बदलणे सुरू होते आणि बहुतेक वेळा बळी जातो तो चांगल्या बॅटरीचा. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत '३६ व्होल्ट' म्हणजे सिरीजमध्ये, एकापुढे एक जोडलेले, १० सेल किंवा सेलचे १० गट. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी ४२.० व्होल्ट दाखवते. '४८ व्होल्ट'मध्ये बहुधा १३ सेल, म्हणजे भरल्यावर ५४.६. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर तासभर थांबून बॅटरीच्या टोकांवर मोजा. ३६ व्होल्टच्या बॅटरीत ४१.५ ते ४२ आले तर ठीक. ४०.५ वर अडकत असेल तर सेलचा एखादा गट आधी भरतो आहे आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीतले नियंत्रण सर्किट, तिथेच चार्जिंग तोडते आहे. अशा वेळी दिवा हिरवा झाल्यावरही, आपण जागे असताना, बॅटरी आणखी चार-पाच तास चार्जरवर राहू द्यावी. बीएमएस गटांची पातळी जुळवते ती अगदी बारीक प्रवाहाने, त्याला वेळ लागतो. दोन-तीनदा असे करूनही आकडा वर येत नसेल तर गट कमजोर झाला आहे आणि ते काम जाणकाराचे आहे. दुसरी मोजणी आठवड्याची. बॅटरी भरून एक दिवस तशीच ठेवा, आकडा लिहून ठेवा आणि सात दिवसांनी पुन्हा मोजा. न वापरता अर्ध्या व्होल्टहून जास्त उतरली असेल तर आत काहीतरी गळते आहे. ती बॅटरी घरात चार्ज करणे तिथेच थांबवावे.

तिसरी मोजणी चालत्या सायकलवरची. डिस्प्लेवर व्होल्ट दिसत असतील तर चढावर पूर्ण जोर लावून आकडा किती पडतो ते बघा. १५ अँपिअरच्या कंट्रोलरवर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या सर्किटवर, धड बॅटरी दोन ते तीन व्होल्ट पडते आणि चढ संपला की लगेच सावरते. सहा-सात व्होल्ट पडत असेल तर बॅटरी थकली आहे, नाहीतर वाटेतला एखादा कनेक्टर खराब आहे. या दोहोंत फरक ओळखायला हात पुरतो. दोन-तीन किलोमीटर चढ चढून उतरल्या उतरल्या बॅटरी ते कंट्रोलरमधला प्रत्येक जोड बोटाने चाचपा. कोमटाहून जास्त गरम लागला तो जोड गुन्हेगार. हिशेब करून बघा: जोडात ०.०५ ओहम रोध असेल आणि त्यातून १५ अँपिअर जात असतील तर तिथे ११ वॅटची उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी, आणि तीही नखाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यात.

फ्रेमवर बाटलीसारख्या बसणाऱ्या बॅटरीत हा दोष तळाच्या पात्यांवर सापडतो. खड्ड्यांत बॅटरी बैठकीत खडखडते, पाती क्षणभर सुटतात, ठिणगी पडते, तांब्यावर काळा डाग बसतो. डाग बसला की रोध वाढतो, रोध वाढला की पाते तापते, तापले की पात्याची पकड सैल होते. मग चालकाची तक्रार असते, 'खड्ड्यात मोटर बंद पडते, बॅटरी गेली वाटते.' बॅटरी काढा, पाती बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने चकचकीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे करताना धातूचे काहीही दोन पात्यांना एकाच वेळी टेकू देऊ नका. नंतर बॅटरी आणि बैठक यांच्या फटीत दोन-तीन मिलिमीटर जाडीचा रबराचा तुकडा घाला, म्हणजे खडखड थांबेल. पाते वितळून वाकडे झाले असेल तर घासण्यात अर्थ नाही, बैठकच बदलावी. ती बैठक फ्रेमवरच्या पाण्याच्या बाटलीच्या दोन ५ मिलिमीटर बोल्टांवर लटकते आणि बॅटरी असते तीन किलोच्या आसपास. हे बोल्ट मुळात बाटलीसाठीच असतात, म्हणून एक जाड पट्टा वरून आवळावा.

आता 'सगळे दिवे लागतात, पण मोटर फिरत नाही' ही तक्रार. कंट्रोलर मागवण्याआधी ब्रेक लिव्हरकडे बघावे. लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो. तो अडकला किंवा त्याचा चुंबक सरकला की कंट्रोलरला वाटते ब्रेक दाबलेलाच आहे. सायकल स्टँडवर घ्या, मागचे चाक हवेत ठेवा, दोन्ही ब्रेक स्विचचे प्लग एकेक करून काढा आणि बघा. मोटर फिरली तर दोष सापडला. तपासणी झाली की स्विच दुरुस्त करून प्लग पुन्हा जोडायचा. तो काढून तसेच चालवणे म्हणजे ब्रेक दाबताना मोटरही पुढे ओढत राहणार.

ब्रेकचा दोष नसेल तर पाच व्होल्टची लाइन तपासा. कंट्रोलर थ्रॉटलला (वेगासाठी पिळायची मूठ), पेडल सेन्सरला आणि मोटरमधल्या हॉल सेन्सरना (चुंबकाची जागा ओळखणारे सेन्सर) एकाच लाइनवरून पाच व्होल्ट देतो. त्यातला एक शॉर्ट झाला की तिघेही मुके होतात. थ्रॉटलच्या लाल आणि काळ्या तारेत साडेचार ते पाच व्होल्ट यायला हवेत. येत नसतील तर थ्रॉटल, पेडल सेन्सर आणि मोटरचा प्लग एकेक काढा. ज्याचा प्लग काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो दोषी. थ्रॉटलच्या सिग्नल तारेवर न पिळता १ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते चार व्होल्ट दिसतात. पेडल सेन्सरचा घोळ साधा असतो: पेडलच्या दांडीवरची चुंबकांची चकती सेन्सरपासून लांब सरकलेली असते. दोघांत दीड-दोन मिलिमीटर अंतर ठेवा. चकती उलटी बसली तर काही सेन्सर फक्त मागे पेडल मारल्यावर चालू होतात, यात गोंधळून जाऊ नये.

मोटर झटके देत, घरघरत सुरू होत असेल तर हॉल सेन्सर तपासायचे. मोटरच्या केबलीत तीन जाड तारा आणि पाच बारीक तारा असतात. बारीक तारांत बहुधा लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पिवळी, हिरवी, निळी हे सिग्नल. प्लग जोडलेला आणि बॅटरी चालू ठेवून मल्टिमीटरची काळी टोचणी काळ्या तारेवर ठेवा, लाल टोचणी एकेका सिग्नलवर, आणि चाक हाताने अगदी हळू उलटे फिरवा. उलटेच का, तर गिअर असलेल्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणाऱ्या मोटरमध्ये, फ्रीव्हीलसारखा क्लच असतो. चाक सुलटे फिरवले तर आतली मोटर हलतच नाही आणि धडधाकट सेन्सर मेला म्हणून निकाल लागतो. आकडा शून्य आणि पाचच्या दरम्यान उड्या मारायला हवा. एकाच जागी अडकला तर तो सेन्सर गेला. कंट्रोलरची परीक्षा याहून सोपी. बॅटरी काढून चाक उलटे फिरवा. जड लागले तर मोटरचा प्लग काढून पुन्हा फिरवा. आता हलके झाले तर कंट्रोलरमधले मॉसफेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारे भाग, उडाले आहेत. तरीही जडच असेल तर जाड तारांचे इन्सुलेशन आसाच्या तोंडाशी सोलून त्या एकमेकींना चिकटल्या आहेत. या कामांत एक सवय अंगी लावा. बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून बॅटरी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, मगच तारांना हात लावावा.

तारांइतकाच दोष चाकात असतो, पण त्याकडे लक्ष जात नाही. हब मोटरच्या चाकाचे पंक्चर काढायला लोक घाबरतात ते केबलीमुळे. क्रम असा ठेवा. बॅटरी काढा. चेनस्टेवरचे, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवरचे, केबल टाय कापा. मोटरचा गोल प्लग सरळ ओढून काढा. तो पिळू नका, आतल्या पिना केसाएवढ्या असतात आणि वाकल्या की संपले. प्लगवरचे बाण कसे जुळतात ते बघून ठेवा. १८ किंवा १९ नंबरच्या पान्याने आसाचे नट सैल करा आणि वॉशर उतरवताना प्रत्येक बाजूचा फोटो काढा. त्या वॉशरांत एकाला आत वळलेली जीभ असते. ती जीभ फ्रेमच्या खाचेत बसते आणि आसाला फिरू देत नाही. चाक परत बसवताना ती उलटी बसली किंवा राहून गेली तर पहिल्या चढावर आस स्वतःभोवती फिरतो आणि केबल पिळून तोडतो. केबल आसातून बाहेर पडते ते तोंड खाली आले पाहिजे, आणि तिथून ती आधी खाली झुकून मग वर गेली पाहिजे. नाहीतर पावसाचे पाणी केबलीवरून ओघळत सरळ मोटरच्या पोटात जाते. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळायचे. टॉर्कचा, म्हणजे पिळाचा जोर मोजणारा, पाना नसेल तर २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा भार, हा त्याचा अंदाज. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत, वॉशर बसल्यावर नट थोडे सैल पडतात.

वॉशरच्या जिभेवर किती विसंबावे? ४० न्यूटन-मीटर टॉर्कची मोटर घ्या. आसाचे सपाट अंग १० मिलिमीटर रुंद. एवढ्याशा हातावर तो टॉर्क पेलायचा म्हणजे खाचेच्या कडांवर ४०० किलोच्या आसपास दाब येतो. पोलादी फ्रेम तो सोसते. ॲल्युमिनिअमच्या खाचा हळूहळू रुंदावतात आणि एक दिवस कडा निखळते. पुढच्या चिमट्यात मोटर बसवली असेल तर तेव्हा चाकच बाहेर पडते. टॉर्क आर्म म्हणजे आसावर बसणारी पोलादाची पट्टी. तिचे दुसरे टोक १२ सेंटिमीटर लांब फ्रेमला बांधले की तोच टॉर्क तिथे ३३-३४ किलोवर येतो. साध्या सायकलीला मोटरचा किट बसवणाऱ्या प्रत्येकाने किमान एक, आणि पुढच्या चाकात मोटर असेल किंवा ब्रेक लावताना वीज परत घेणारी मोटर असेल तर दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावावेत. वीज परत घेताना आसावरचा जोर उलट्या दिशेने येतो, आणि एकदा पुढे एकदा मागे अशा हिसक्यांनी नट सैल होत जातात. ॲल्युमिनिअमच्या चिमट्यात दमदार मोटर बसवूच नये, टॉर्क आर्म असला तरी.

आरे तुटण्याचे कारणही लोक उलटे धरतात. तुटला की जाड आरा घालतात, १४ गेजच्या जागी १२. आरा जाडीने कमी पडून तुटत नाही, ढिला राहून तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत ढिल्या आऱ्याचा ताण शून्यावर जातो आणि परत येतो, आणि हबजवळच्या कोपरात धातू थकतो. जाड आरा पुरता ताणायला जेवढा जोर लागतो तेवढा साध्या रिमला सोसत नाही, म्हणून तो ढिलाच राहतो आणि त्याच जागी पुन्हा तुटतो. १३ गेज आणि दुहेरी भिंतीची रिम हा मेळ चांगला. नव्या चाकाचा दीडदोनशे किलोमीटरनंतर एकदा आउट काढावा, म्हणजे आरे आवळून चाकाचा डोल घालवावा. बोटाने आरे वाजवत जा. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. 'थप्प' असा आवाज आला तो ढिला. आऱ्याचा नट एका वेळी पाव फेरी आवळा, त्याहून जास्त नाही.

ब्रेकचे थोडक्यात. सायकल वीस-पंचवीस किलोची आणि वेग कायम वरचा, त्यामुळे पॅड साध्या सायकलीपेक्षा कितीतरी लवकर संपतात. पॅडवरचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला. १.८ मिलिमीटरची डिस्क १.५ वर आली की तीही बदला. चेनला तेल लावताना एक थेंब डिस्कवर उडाला तर पॅड ते पिऊन बसतो आणि मग ब्रेक नुसता ओरडतो, म्हणून तेल बाटलीच्या टोकाने एकेका कडीवर टाकावे, फवारू नये. चेनची झीज पट्टीने मोजता येते: दहा पूर्ण कड्या, म्हणजे वीस पिना, नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरतात. २५५.९ झाल्या की चेन बदला, नाहीतर ती मागचे दातेही खाऊन टाकेल. पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलीत मोटरची सगळी ताकद चेनमधून जाते, तिथे दर महिन्याला मोजा आणि गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर सोडा.

पाण्याबद्दल एकच गैरसमज दूर करायचा आहे. हब मोटर सिलिकोनने चारी बाजूंनी बंद करून ती पाणबंद होत नाही. मोटर तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. थंड होताना ती हवा आत खेचते, आणि केबलीच्या तोंडाशी पाणी असेल तर तेही. सील केल्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर पडायची वाट मात्र बंद होते. केबलीला खाली झोल ठेवणे आणि बारीक तारांच्या प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस भरणे, एवढे पुरते. धुताना दाबाचे पाणी हब, डिस्प्ले आणि पेडलच्या आसावर मारू नये.

आता मॉडिफिकेशन. सर्वांत मोठा मोह व्होल्टेज वाढवण्याचा. ३६ ऐवजी ४८ व्होल्ट दिले की मोटरचा बिनभाराचा वेग एक तृतीयांशाने वाढतो, ताशी २५ चे ३३ किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटते. पण वाऱ्याचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ती दुपटीहून जास्त होते. ब्रेकने थांबायचे अंतर पावणेदोनपट होते, आणि ब्रेक तेच राहतात. त्यातच ३६ व्होल्टच्या अनेक कंट्रोलरमधले कपॅसिटर ५० व्होल्टचे असतात. भरलेली ४८ ची बॅटरी ५४.६ देते. तो कपॅसिटर कदाचित पहिल्या दिवशी फुटणार नाही, पण फुगणार नक्की. कंट्रोलर उघडून कपॅसिटरवरचा आकडा वाचल्याशिवाय व्होल्टेजला हातच लावू नये. ६३ असेल तर पुढचा विचार करा. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा अनेक देशांच्या नियमांत आहे. ती ओलांडली की सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही, हेही मनात असू द्यावे.

दुसरा मोह शंटचा. कंट्रोलरमध्ये जाड वाकवलेल्या तारेचा एक तुकडा असतो, त्यावरून कंट्रोलर प्रवाह मोजतो. त्याच्यावर सोल्डरचा थर चढवला की रोध घटतो आणि २२ अँपिअर जात असताना कंट्रोलर १५ समजतो. आपल्याच पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार आहे हा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे मोटरच्या तांब्यात, मॉसफेटमध्ये आणि प्रत्येक जोडात ती दुपटीहून जास्त होते. गिअर असलेल्या मोटरमध्ये नायलॉनची तीन चाके असतात, तापून मऊ झालेले त्यांचे दाते पहिल्या मोठ्या चढावर सोलून निघतात. समजा हे सगळे टिकले, तर २० अँपिअरचा बीएमएस प्रवाह तोडतो. मग बीएमएस 'बायपास' करायचा सल्ला कोणीतरी देतोच, आणि तो ऐकला की खेळ संपतो. ताकद हवीच असेल तर मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि ब्रेक हा सगळा संच एकमेकांना जुळणारा घ्यावा.

तिसरी चूक दोन बॅटऱ्या पॅरलल जोडण्याची. एक भरलेली ४२ वर आणि दुसरी वापरलेली ३८ वर असेल, दोन्हींचा मिळून आतला रोध ०.२ ओहम धरला, तर जोडल्या क्षणी २० अँपिअर एकीतून दुसरीत धावतात. चार्जरचा नेहमीचा प्रवाह असतो दोन अँपिअर. दोन बॅटऱ्या न्यायच्याच असतील तर एक संपल्यावर दुसरी लावावी, काम भागते.

करण्यासारखे बदल वेगळेच आहेत, आणि त्यांत गाजावाजा नाही. मापात बसेल तेवढा रुंद टायर घ्यावा. मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा भरावी. चिमट्यावर परवानगी असेल तर १६० ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क अडॅप्टरसह बसवावी. बॅटरी आणि कंट्रोलरमध्ये, शक्य तितका बॅटरीजवळ, १५ अँपिअरच्या कंट्रोलरसाठी २० किंवा २५ अँपिअरचा, बॅटरीच्या व्होल्टेजला चालणारा डीसी फ्यूज घालावा आणि तार २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, अनेक पदरी वापरावी. दिव्यांसाठी ३६ किंवा ४८ व्होल्टवरून १२ वर आणणारा कन्व्हर्टर एक-दोन अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजवर घ्यावा. मोठा प्लग जोडताना ठिणगी उडत असेल तर ती कंट्रोलरच्या रिकाम्या कपॅसिटरची आहे. ठिणगी रोखणारा एक्सटी-९०-एस प्रकारचा प्लग मिळतो, त्यात आत एक रेझिस्टर असतो. तो लावला की पिना जळत नाहीत.

राहिली बॅटरी, आणि चार्जर. दोन ई-सायकली असलेल्या घरात हा धोका सर्वांत मोठा, कारण वेगवेगळ्या व्होल्टेजच्या चार्जरची पिन एकसारखी असू शकते. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही. ५४.६ चा चार्जर ३६ व्होल्टच्या बॅटरीला लागला की तिच्यात आणि आगीत फक्त बीएमएस उभा असतो. त्याहून फसवी जोडी दुसरी आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट या वेगळ्या प्रकारच्या बारा सेलचा चार्जर ४३.८ व्होल्ट देतो. ४२ च्या जवळच तर आहे, असे वाटते. पण दहा सेलच्या साध्या लिथियम-आयन बॅटरीत त्याने प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्ट येतात, आणि मर्यादा आहे ४.२. चार्जर आणि बॅटरी दोन्हींवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा आणि नवा चार्जर आला की आधी त्याचे व्होल्ट मोजा. चार्जिंग कठीण, न जळणाऱ्या फरशीवर, जागे असताना, आणि बाहेर पडायच्या वाटेत नाही. उन्हातून किंवा चढावरून आलेली गरम बॅटरी अर्धा तास थंड होऊ द्यावी. शून्य अंशाखाली चार्जिंग करूच नये. महिनाभर सायकल बंद राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, १० सेलच्या बॅटरीत ३७ ते ३८ व्होल्ट, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. रोज ८०-९० टक्क्यांवर थांबलात तर सेल जास्त टिकतात, मात्र महिन्यातून एकदा पूर्ण भरा, म्हणजे बीएमएसला गट जुळवता येतात.

खोके उघडू नये यामागे कारण आहे. आतल्या निकेलच्या पट्ट्या उघड्या असतात आणि बॅटरी 'बंद' करायला तिथे कुठलाच स्विच नसतो. पान्याचे टोक किंवा हातातले कडे दोन पट्ट्यांवर पडले की शेकडो अँपिअर वाहतात. सेलला थेट सोल्डर करण्याचा उद्योग तर त्याहून वाईट, ती उष्णता आतले पातळ विभाजक पडदे मऊ करते आणि दोष महिन्याभराने उघडा पडतो, तोही बहुधा चार्जिंगवर. जुन्या लॅपटॉपमधले सेल नव्यांत मिसळले तर कमजोर सेल प्रत्येक फेरीत आधी रिकामा होतो आणि आधी भरतो. खोके फुगले, न वापरता गरम लागले, किंवा गोडसर उग्र वास आला की बॅटरी उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवा, आणि फुसफुस ऐकू आली किंवा धूर दिसू लागला असेल तर हातही न लावता माणसे बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. अशी आग वाळूने गुदमरत नाही, कारण उष्णता आतूनच तयार होत असते. ती भरपूर पाण्याने थंड करावी लागते, आणि ते काम दलाचे. बाद बॅटरी कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी.

शेवटी आपल्या बातमीदारांसाठी एक विनंती. 'चार्जिंगला लावलेल्या ई-सायकलचा स्फोट' एवढ्या ओळीतून वाचकाला काही शिकता येत नाही. घटनास्थळी चार गोष्टी विचाराव्यात: चार्जर त्याच बॅटरीचा होता का आणि त्यावर किती व्होल्ट छापले होते, बॅटरी मूळची होती की कोणी आत दुरुस्त केलेली, ती आधी पडली किंवा भिजली होती का, आणि त्या वेळी ती खरोखर चार्जिंगवर होती की नुसती ठेवलेली. उत्तरे छापून आली तर पुढच्या घरात चार्जरवरचा आकडा तरी कोणी वाचेल.

कळावे,

आपले नम्र,
ई-सायकल दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक